बंद दारांचे वाङ्मय

मिशनऱ्याचे लेखन समोर आले की आमच्या साहित्यविभागांत दोनच प्रश्न विचारले जातात : त्याने किती जणांचे धर्मांतर केले, आणि त्याच्या पाठीशी कोणती सत्ता उभी होती? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि ते सोडून द्यावेत असे आम्ही म्हणत नाही. आमची तक्रार एवढीच की त्यांची उत्तरे मिळाली की पुस्तक मिटले जाते. मिशनऱ्याचा दिवस कसा जातो, हा प्रश्न समीक्षेचा आहे असे कोणाला वाटतच नाही. मॉर्मन मिशनऱ्यांविषयीचे वाङ्मय हे या अनास्थेचे ठळक उदाहरण आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेल्या या चर्चने २०१८ पासून ‘मॉर्मन’ हे नाव टाळण्याचा आग्रह धरला आहे. आम्ही ते केवळ रूढ म्हणून वापरतो. या पंथातील तरुण पूर्वी एकोणिसाव्या आणि २०१२ पासून अठराव्या वर्षापासून दोन वर्षांच्या सेवेसाठी घर सोडू शकतो. तरुणींची सेवा अठरा महिन्यांची. वेतन नाही. गाव आपण निवडायचे नाही, जोडीदारही नाही. आणि नेमून दिलेल्या त्या जोडीदाराला सोडून एकट्याने कोठे जायचेही नाही. साधारणपणे सकाळी साडेसहाला उठायचे, अभ्यास करायचा, मग दारोदार हिंडायचे आणि साडेदहाला निजायचे. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याचा, वाणसामान आणण्याचा, घरी लिहिण्याचा. स्वतःचे नाव तेवढ्या काळापुरते मागे पडते. उरते ते ‘एल्डर’ किंवा ‘सिस्टर’ आणि आडनाव.

या दिनक्रमात बहुतेक वेळा घडते ते एकच : दार उघडते आणि मिटते. एखाद्या घरी पाणी विचारले जाते, एखादा म्हातारा केवळ सोबत हवी म्हणून तासभर बसवून घेतो, पुढल्या आठवड्याचे वचन देणारा पुढल्या आठवड्यात घरी नसतो. जोडीदाराचे घोरणे, त्याची अतिशिस्त किंवा आळस, दोघांतला अबोला, आणि नेमके जुळू लागताच येणारी बदली : नकारांच्या मधल्या जागेत हे सारे भरलेले असते.

या सामग्रीचे लेखकांनी काय केले? आर्थर कॉनन डॉयलने १८८७ च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये मॉर्मनांना खलपुरुष केले. २०११ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘द बुक ऑफ मॉर्मन’ या संगीतिकेने युगांडात गेलेल्या दोन मिशनऱ्यांना विदूषक केले. उलट बाजूला चर्चच्या वर्तुळातील बोधपर कथा त्यांना संत करतात : शंभर दारे बंद होतात ती एकशेएकावे उघडावे म्हणूनच. थट्टा करणारा आणि स्तुती करणारा, दोघांनाही फलश्रुतीची घाई असते. ज्या मंगळवारी पाऊस पडला, कोणी भेटले नाही आणि जोडीदार बोलला नाही, त्या मंगळवाराचे दोघांनाही काहीच करता येत नाही.

तो मंगळवार ज्यांनी लिहिला त्यांची नावे आमच्या चर्चांत येत नाहीत. रिचर्ड डचर यांच्या ‘गॉड्स आर्मी’ (२०००) या चित्रपटात लॉस एंजेलिसमधील मिशनऱ्यांपैकी एकाची श्रद्धा ढळते आणि तो रात्रीतून निघून जातो. रायन मॅकिल्वेन यांच्या ‘एल्डर्स’ (२०१३) या कादंबरीत एक अमेरिकन आणि एक ब्राझिलियन मिशनरी ब्राझीलमध्ये एकत्र राहतात, आणि इराक युद्धाच्या काळातला अमेरिकेविषयीचा राग त्यांच्या छोट्याशा बिऱ्हाडातही शिरतो. सत्तेचा प्रश्न येथे सुटलेला नाही. तो जेवणाच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला आहे. सत्ता शोधणाऱ्या समीक्षकाने दिनक्रमच वगळला तर त्याला हे दिसणार कोठून?

पत्र आणि रोजनिशी यांतील अंतर हा तर साहित्याच्या विद्यार्थ्याचा हक्काचा विषय. फेब्रुवारी २०१९ पर्यंत मिशनऱ्याला घरी दूरध्वनी करण्याची मुभा वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिनाला, असे. बाकी सारा भार साप्ताहिक पत्रावर, पुढे ई-मेलवर. आईने वाचायचे पत्र आणि कोणीच वाचायची नाही अशी रोजनिशी, एकाच दिवसाचे हे दोन पाठ सारखे असतील कसे? पत्रात ‘आठवडा चांगला गेला’ असे लिहिणारा त्याच रात्री स्वतःशी काय लिहितो, हे पाहण्याची सोयही आहे : ब्रिगॅम यंग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अशा कितीतरी रोजनिश्या संगणकीय रूपात खुल्या केल्या आहेत. हा विषय आपल्यापासून अगदीच दूरचाही नाही. ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईस आला आणि पुढे पुण्यातही त्याने काम केले.

कोणी म्हणेल, मराठी वाचकाला ही दृष्टी आणायची कोठून? ती त्याच्यापाशी आहेच. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण धर्मांतरितांची संख्या मोजण्यासाठी वाचत नाही. बिऱ्हाडे, रुसवे, ओढाताण आणि त्यांतून हळूहळू बदलत जाणारे मन यांसाठी वाचतो. घरच्या पुस्तकाला जो न्याय दिला तो परक्याला नाकारणे हा आळस आहे. त्याला सिद्धान्ताचे नाव देऊन तो लपत नाही.

या आळसाची किंमत माणसे मोजतात. मुदतीआधी घरी परतलेल्या मुलाला त्याच्या समाजात विजयाची गोष्ट सांगता येत नाही आणि बाहेरच्या जगाला त्याच्याकडून विनोद हवा असतो. त्याच्या थकव्याला, त्याच्या लाजेला कोणताच साचा मिळत नाही. असा साचा घडवणे हे लेखकाचे काम, आणि तो घडला तर ओळखणे हे आमचे, शिकवणाऱ्यांचे. मिशनरी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात यापुढे ‘किती बाप्तिस्मे?’ या प्रश्नाआधी ‘आज किती दारे मिटली, आणि त्यानंतर त्याने काय केले?’ हा प्रश्न विचारला जावा. आमची मागणी एवढीच आहे.