आमच्या कराटे क्लासमधले नग

शनिवारी सकाळी साडेसहाला उठणारा आयटीवाला एकतर ऑन-कॉल असतो, नाहीतर वेडा असतो. मी गेली चार वर्षं दुसऱ्या प्रकारात मोडतो. नेरुळला घराजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार सकाळी सात ते साडेआठ कराटेचा क्लास असतो, तिथे जातो. सुरुवात कशी झाली ते सांगण्यासारखं नाही. ऐरोलीच्या हापिसात एक दिवस लिफ्ट बंद होती आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझ्या तोंडाला फेस आला, एवढं पुरे.

पहिल्या दिवशी पांढरा पट्टा बांधून रांगेत उभा राहिलो. डावीकडे तिसरीतला एक मुलगा, उजवीकडे त्याची आई. मुलाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "काका, तुमची गाठ चुकलीये." वयाच्या 24व्या वर्षी काका! असो.

तर मंडळी, चार वर्षं एकाच हॉलमध्ये घाम गाळला की माणसांची वर्गवारी आपोआप होते. आमच्याकडचे मुख्य नग असे:

पट्टाबहाद्दर. यांना फक्त एकच प्रश्न पडतो, "सर, पुढची एक्झाम कधी?" पिवळा झाला की नारिंगी, नारिंगी झाला की हिरवा. अप्रेझलला बँड मागणारे असतात ना, तेच हे. गंमत म्हणजे हे पट्टे मुळात कराटेचे नाहीतच. काळ्या पट्ट्याची आणि 'दान' या श्रेणीची पद्धत ज्युदोची. ज्युदोचे जनक जिगोरो कानो. त्यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान सुरू केलं. आमच्या शोतोकान कराटेचे फुनाकोशी हे ओकिनावातले शाळामास्तर. त्यांनी 1924 मध्ये ही पद्धत उचलली. मधले बरेचसे रंग तर युरोपातल्या ज्युदो क्लासमधून आले. म्हणजे आपण ज्याच्यासाठी जीव टाकतो तो प्रकार उसना आहे. पण हे पट्टाबहाद्दरला सांगून उपयोग नाही, तो तोवर फी भरून आलेला असतो.

यूट्यूब पंडित. याने सगळं बघितलेलं असतं. ब्रूस ली पाठ. सरांनी 'हेयान शोदान' काता दाखवला की हा हळूच विचारणार, "पण रस्त्यावरच्या मारामारीत हे चालेल का?" अरे बाबा, तुझी शेवटची मारामारी पाचवीत पट्टीवरून झाली होती! (या नगावर मी जास्त बोलत नाही, पहिलं वर्षभर तो मीच होतो.)

जानेवारीवाले. 1 तारखेनंतरच्या पहिल्या शनिवारी नवाकोरा ड्रेस घालून येतात. मकरसंक्रांतीपर्यंत टिकतात.

पाठवलेली मुलं. "कॉन्फिडन्स येऊ दे" म्हणून आईबाबांनी सोडलेली. दीड तासात सात वेळा पाणी प्यायला जातात. पण 'इची, नी, सान' मोजताना आवाज मात्र सगळ्यांत मोठा.

बाकड्यावरच्या काकू. मुलाला सोडायला यायच्या, बसून बसून कंटाळल्या आणि एक दिवस स्वतःच रांगेत उभ्या राहिल्या. अशा तीन आहेत. परीक्षेला बसत नाहीत, सुट्टी घेत नाहीत. त्यांच्यातल्या एकीची किक बघून यूट्यूब पंडितसुद्धा गप्प बसतो.

आणि धोपटे. म्हणजे जोरात मारणारे. हे सगळ्यांना आवडतात, निदान लांबून. पॅडवर यांची किक बसली की हॉलभर आवाज घुमतो आणि बाकीचे वळून बघतात. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मीही धोपट्या झालो आणि मला त्याचा अभिमानही होता.

इथवरची यादी मी गेल्या वर्षी लिहिली असती तर इथेच एक :) टाकून संपवली असती. पण मधे एक प्रकार घडला.

तेव्हा माझा पट्टा हिरवा होता. क्लासमध्ये एक कॉलेजचा पोरगा होता, पिवळा पट्टा, पनवेलहून पहाटेची लोकल पकडून यायचा. कधी उशीर नाही, कधी खाडा नाही. एका रविवारी सरांनी आमची कुमितेसाठी, म्हणजे लढतीसाठी, जोडी लावली. मी आरामात खेळत होतो. तेवढ्यात त्याने सरळ आत येऊन माझ्या छातीवर पंच टेकवला. अलगद टेकवला, शिकवल्यासारखा. स्वच्छ पॉइंट. बाकड्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी "काका आउट!" असं ओरडलं.

मला राग आला. टाळ्यांचा की 'काका'चा, माहीत नाही. पुढच्या फेरीत मी मारलेला पंच थांबवायला हवा होता, तो थांबवला नाही. त्याच्या बरगड्यांवर बसला. तो खाली बसला, बराच वेळ त्याला नीट श्वास घेता येईना. नंतर "ठीक आहे दादा" म्हणाला आणि कडेला जाऊन बसला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी मेसेज केला. "बरा आहे दादा, परीक्षा चालू आहेत" असं उत्तर आलं. परीक्षा संपल्या असतील, त्यालाही आता वर्ष होत आलं.

सर मला ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "महिनाभर तू मारायचं नाही. पॅड धरायचा."

पॅड धरून उभं राहणं हे क्लासमधलं सगळ्यांत कंटाळवाणं काम. समोरचा मारतो, आपण सोसतो. पण त्या महिन्याभरात मला माझी वरची सगळी यादी फाडून टाकावी लागली. पॅडच्या मागून माणूस वेगळाच दिसतो. काही लोकांना फक्त पॅड दिसतो. तो धरणारा हात वाकलाय का, मागचा माणूस तोल सावरून उभा राहिलाय का, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. आणि काही लोक मारण्याआधी अर्धा सेकंद तुमच्या डोळ्यांकडे बघतात. त्या काकू बघतात. तिसरीतला तो गाठवाला पोरगा बघतो. आणि काळ्या पट्ट्यातले दोघे अजिबात बघत नाहीत!

मला आता वाटतं, नग दोनच. पॅड बघणारे आणि पॅडमागचा माणूस बघणारे. बाकी सगळे रंग.

याच संदर्भात ऑलिंपिकचा तो सामना आठवतो. कराटे ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते टोकियोत, 2021 मध्ये (2024 च्या पॅरिसला लगेच वगळलंही). 7 ऑगस्टला 75 किलोवरच्या गटाची फायनल होती. सौदीचा तारेग हमेदी 4-1 ने पुढे होता. त्याची किक इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्याला लागली, गंजजादेह बेशुद्ध पडला, त्याला स्ट्रेचरवरून नेलं. आणि सुवर्णपदक गंजजादेहला मिळालं! जोराच्या आघाताबद्दल हमेदी बाद ठरला, त्याला रौप्य. तेव्हा यूट्यूब पंडित आणि मी दोघांनी मिळून या निकालाला भरपूर शिव्या घातल्या होत्या. ज्याने आडवं पाडलं तो हरला, हा कुठला न्याय?

हमेदीने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, आणि खेळ म्हणून त्या निकालावर आजही वाद घालता येईल. पण नियमामागचं म्हणणं मला आता कळतं. मारता येणं ही अर्धीच विद्या आहे. हात सुटल्यावर तो हवा तिथे थांबवता येणं ही उरलेली अर्धी, आणि तीच अवघड. हेयान शोदानची पहिली हालचालसुद्धा वार नाही, बचाव आहे. हे मी दोन वर्षं दर वीकांताला करत होतो आणि त्याचा अर्थ एकदाही डोक्यात शिरला नव्हता.

आपल्याकडेही हे नवीन नाही. आमचे आजोबा कोल्हापूरकडचे. ते सांगायचे, तालमीत मोठा पैलवान लहान पोरांना अंगावर घेतो, त्यांना डाव लावू देतो, मधूनच स्वतः पडतोही. पोराला पाडण्यात त्याला कसली फुशारकी?

आणि खरं सांगू का, हापिसातही मी धोपट्याच होतो. फ्रेशरचा कोड रिव्ह्यूला आला की चाळीस कॉमेंट्स टाकायच्या आणि कॉलर ताठ करायची. सगळ्या कॉमेंट्स बरोबर असायच्या, प्रश्न तो नाही. पण पुढच्या वेळी तो फ्रेशर रिव्ह्यू माझ्याकडे न पाठवता दुसऱ्या कुणाकडे पाठवायचा, आणि मला वाटायचं पोरगं आळशी आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी स्वतःसाठी किंवा मुलांसाठी क्लास शोधत असेल तर माझं ऐका. भिंतीवरच्या ट्रॉफ्या बघू नका, 'सेल्फ डिफेन्स'चा बोर्ड बघू नका, सरांचा पट्टा किती दानचा आहे तेही विचारू नका. क्लासची शेवटची पंधरा मिनिटं बघायला जा, लढतीच्या वेळी. सगळ्यांत तरबेज विद्यार्थ्यासमोर सगळ्यांत नवखा उभा राहील, तेव्हा तरबेज काय करतो ते बघा. आणि तो चुकला तर सर काय करतात तेही बघा. तिथे सगळं कळतं.

महिना संपल्यावर सर म्हणाले, "आता मार." मी मारतोही. पण रोजची शेवटची दहा मिनिटं पॅड मीच मागून घेतो.

तो पनवेलचा मुलगा हे वाचत असेल की नाही कल्पना नाही. वाचत असलास तर, मित्रा, माझी चूक होती. तेव्हा सरळ "सॉरी" म्हणायला हवं होतं, मी "बरा आहेस ना?" विचारून मोकळा झालो. क्लास अजून शनिवारी सातलाच असतो. ये. पॅड मी धरतो.