शिकणे हीसुद्धा ड्युटीच!

आपल्या मासिकात मास्तरांचा विषय कशाला, असे काही जण विचारतील. आपण रेल्वे आणि पोस्टातली माणसे. पण आपली मुले-नातवंडे ज्या शाळेत जातात तिथला मास्तर हाही पगारावर जगणारा कामगारच आहे, आणि आज त्याच्या बाबतीत जे चालले आहे तेच उद्या आपल्याही बाबतीत होणार आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास स्वतःच्या शिक्षणासाठी द्यावेत असे म्हटले आहे. शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावे, असेही सांगितले जाते. याला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की हे तास कोणाच्या वेळातले, आणि काय शिकायचे हे ठरवणार कोण?

याचे उत्तर शोधायला चेन्नईकडे पाहावे. तिथे मैलापूर ही जुनी वस्ती आहे. कपालीश्वराचे मोठे देऊळ, जवळच आपल्या रेल्वेचे तिरुमयिलै स्टेशन, भोवती नावाजलेल्या खाजगी शाळा. पण तिथेच घरकाम करणाऱ्या बाया, हातगाडीवाले, किनाऱ्यावरचे कोळी यांचीही घरे आहेत. अशा घरांतली मुले महापालिकेच्या शाळेत जातात. या शाळांत २००३ साली एक मोठा बदल सुरू झाला. महापालिकेचे आयुक्त होते एम. पी. विजयकुमार. पूर्वी वेल्लोर जिल्ह्याचे कलेक्टर असताना त्यांनी वेठबिगारीतून सोडवलेल्या मुलांच्या शाळांत कृतीतून शिकवण्याचा प्रयोग केला होता. तोच त्यांनी चेन्नईत आणला.

पण आणला कसा, ते महत्त्वाचे आहे. आंध्रातील मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली या संस्थेने खेड्यातल्या शाळांसाठी शिकण्याच्या 'शिडी'ची पद्धत तयार केली होती. चेन्नईच्या शिक्षकांना ती तिथे जाऊन पाहायला मिळाली. परत आल्यावर त्यांनीच एकत्र बसून धडे तोडले, पायऱ्या ठरवल्या, कार्डे बनवली. आधी १३ शाळांत करून पाहिले. इतर शाळांतल्या शिक्षकांनी त्या शाळांत येऊन काम पाहिले, शंका विचारल्या. मग २००४ साली महापालिकेच्या २६४ शाळांत हे काम पसरले. बाकांऐवजी चटया आल्या, मुलांच्या हाताला पोहोचतील असे खाली फळे लागले, आणि मास्तर खुर्ची सोडून मुलांत खाली बसले.

पुढे २००७ च्या सुमारास ही पद्धत सगळ्या तामिळनाडूत एकदम लागू झाली, आणि तिथेच अडचण सुरू झाली. ज्यांनी कार्डे स्वतः बनवली त्यांना एखादे कार्ड का आहे हे ठाऊक होते. ज्यांच्याकडे ती खोक्यातून आली त्यांच्यासाठी तो आणखी एक हुकूम होता. त्या पद्धतीचे स्वरूप नंतर बदलत गेले, आणि २०२२ साली तिथे लहान वर्गांसाठी 'एण्णुम एळुत्तुम' ही नवी मोहीम आली.

आपल्याकडेही तेच घडले. सातारा जिल्ह्यात कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्याबरोबर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी वाचन केले, चर्चा केली, वर्गात करून पाहिले. राज्यभरचे शिक्षक ते पाहायला गेले. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला. पण पुष्कळ ठिकाणी फरशीवर रंगवलेल्या आकृत्या तेवढ्या पोहोचल्या, त्यामागची चर्चा पोहोचली नाही. केंद्रावरची शिक्षण परिषद म्हणजे अनेकदा परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे तक्ते भरणे.

साथींनो, आपल्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. नव्या सेक्शनवर जाणाऱ्या लोको पायलटला आधी एल.आर.च्या फेऱ्या कराव्या लागतात. कुठला सिग्नल वळणाआड जातो, चढावर गाडी कुठे दम टाकते, हे तो जुन्या साथीदाराशेजारी उभा राहून शिकतो. चालत्या मेलडब्यात नव्या सॉर्टरला जुना सॉर्टरच हात धरून शिकवत असे. नियमांचे पुस्तक हवेच, पण धंद्याचे ज्ञान माणसाकडून माणसाकडे जाते. एल.आर.च्या फेऱ्या ड्युटी म्हणून धरल्या जातात. तो वेळ लोको पायलटच्या विश्रांतीतून कापला जात नाही. मग मास्तरांचे शिकणे रविवारी, रात्री किंवा मोबाईलवर का?

शिक्षकांच्या सभा म्हणजे चहा आणि गप्पा, त्यांना मोकळीक दिली तर कामे होणार नाहीत, असे कोणी म्हणेल. काही सभा तशा होतातही. पण वरून लादलेल्या सभेत माणूस फक्त सही करायला येतो. आपल्या वर्गातले कोडे सोडवायचे असेल तर तो वही घेऊन येतो.

म्हणून शिक्षक संघटनांच्या चार मागण्यांना आपण पाठिंबा द्यावा असे माझे मत आहे. एक, एकत्र शिकण्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा. दोन, विषय शिक्षकांनी ठरवावा. अधिकाऱ्याने यावे, पण ऐकायला. तीन, तिथे कोणी आपली अडचण किंवा चूक सांगितली तर ती गोपनीय अहवालात जाऊ नये, नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही. चार, रिकाम्या जागा भराव्यात. ज्या शाळेत एकच शिक्षक आहे, तो शाळेला कुलूप लावून सभेला कसा जाणार? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर कामाला लावता येत नाही. ते कलमही कागदावर राहता कामा नये.

आणि आपल्या शाखांनीही विचार करावा. ट्रॅकवरचा, पार्सलमधला, काउंटरवरचा जुना माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याच्याबरोबर तीस-पस्तीस वर्षांचे ज्ञान घरी जाते. त्याची जागा रिकामी राहते किंवा ठेकेदाराकडे जाते. उद्या तेच लोक म्हणतील की कामगारांना कौशल्य नाही, खाजगी माणूस आणा. त्याआधी प्रत्येक शाखेने महिन्यातून एकदा जुन्या-नव्यांना एकत्र बसवावे, आणि तो वेळ ड्युटीत धरावा म्हणून प्रशासनाकडे लेखी मागणी करावी.

पगाराची लढाई आपण लढतोच. आपल्या कामाचे ज्ञान आपल्या हाती ठेवण्याची लढाई तिच्याइतकीच मोठी आहे. मास्तरांनी ती सुरू केली आहे. आपण त्यांच्या बाजूने उभे राहू या.