प्लेट कशाचीही चालेल, रॉड तोलून घ्या

सावंगी (मेघे) हे वर्ध्याला खेटून असलेलं गाव विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि भोवतालच्या महाविद्यालयांमुळे ओळखलं जातं. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय, शरद पवार दंत, रवी नायर फिजिओथेरपी, सगळी इथेच. एवढी महाविद्यालयं म्हटल्यावर वसतिगृहं आली, भाड्याच्या खोल्या आल्या. ज्याची ड्युटी कधी सुटेल याचा नेम नाही, त्याला जिमची वेळ गाठणं जमत नाही. मग पलंगाखाली मावेल असा वीस किलोचा ‘होम जिम सेट’ घरी येतो.

या सेटमधल्या प्लेटांना लोक नावं ठेवतात. वरून प्लास्टिक, आत सिमेंट. पण सिमेंटचा किलोही किलोच असतो. अडचण एवढीच की लोखंडाच्या मानाने त्या जवळजवळ तिप्पट जाड होतात आणि रॉडवरची जागा लवकर संपते. स्वस्ताईची खरी किंमत मोजावी लागते ती रॉडमध्ये. सेटची जाहिरात मात्र प्लेटांच्या किलोंवर चालते. रॉड जणू वर फुकट दिलेला.

‘हा रॉड वाकतो का?’ हा दुकानातला नेहमीचा प्रश्नच चुकीचा आहे. प्रत्येक रॉड वाकतो. वजन उतरवल्यावर तो पुन्हा सरळ होतो का, हे विचारायला हवं. पोलाद साधं असो की भारी, त्याचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. भारी पोलाद जास्त भार सोसूनही मूळ आकारात परत येतं, साधं पोलाद त्याआधीच कायमचं बाकदार होतं. ताठपणा हवा असेल तर जाडी बघावी लागते. तो व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणून २५ मिलिमीटरच्या रॉडपेक्षा २८ मिलिमीटरचा रॉड दीडपटीहून जास्त ताठ असतो. तीन मिलिमीटरचा हा फरक फोटोत कुणालाही दिसत नाही.

रॉड भरीव आहे की पोकळ, हे ओळखायची युक्ती जिमवाल्यांपेक्षा बांधकामावरच्या माणसांना जास्त ठाऊक असते. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचं. मीटरमागे किती किलो ते कळतं. २८ मिलिमीटरला ते ४.८४ किलो येतं. म्हणजे पाच फुटी सरळ, भरीव रॉड लॉक काढून साधारण ७.४ किलो भरला पाहिजे. पाच किलो भरला तर तो आतून पोकळ आहे, नाहीतर सांगितल्यापेक्षा बारीक आहे. एरवी हा रॉड तोलून घेणारा एकटा भंगारवालाच.

दुसरी परीक्षा सपाट फरशीवर. रॉड हळूच घरंगळू द्यायचा. मध्ये उचलल्यासारखा दिसला, थबकत गेला, तर तो दुकानातच बाकदार झालेला आहे.

सात फुटी ऑलिम्पिक रॉडचा मोह आवरावा की नाही, हे व्यायामावर ठरतं. पुरुषांचा स्पर्धेचा रॉड २० किलोचा, २.२ मीटर लांब, टोकाच्या नळ्या ५० मिलिमीटरच्या आणि मोकळ्या फिरणाऱ्या. त्या फिरण्याला कारण आहे. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवलं, स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलून. अशा उचलीत मनगट झपकन उलटतं. त्या क्षणी प्लेटा रॉडसोबत फिरू लागल्या तर मनगट पिळवटतं. खोलीत स्क्वाट आणि बेंच प्रेस करणाऱ्याला फिरत्या नळीची तेवढी गरज नाही. त्याने ते पैसे जाडीत घालावेत. शिवाय १० बाय १०च्या खोलीत सात फुटी रॉडला प्लेटा चढवायच्या, तर आधी पलंग बाहेर काढावा लागेल!

राहिला ‘२०० किलो क्षमता’ असा शिक्का. ही क्षमता कशी मोजली, कुठे भार टाकून, एकदा की हजारदा, यातलं काही सांगितलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. वेष्टनबंद मालावर निव्वळ परिमाण, उत्पादकाचं नाव, कमाल किरकोळ किंमत छापणं २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. रॉडच्या बाबतीत व्यास, भरीव की पोकळ आणि नुसत्या रॉडचं वजन हेही छापायला लावायला हवं. शाईच्या तीन ओळींचा खर्च.

तोवर गिऱ्हाइकानेच काटा शोधावा. दुकानदार तोलून द्यायला कुरकुरला, तर घरच्या वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहायचं, मग रॉड हातात घेऊन, आणि वजाबाकी करायची. ती परतीची मुदत संपायच्या आत झाली पाहिजे.