जाणे आणि येणे

दिवाळीच्या आठ दिवस आधी मावशी आमच्याकडे राहायला आली. चाळीस वर्षे मोंबासात संसार करून, काका गेल्यावर तिथले घर विकून, ती गेल्या वर्षी पुण्याला लेकाकडे आली. येताना चार बोजे आणि एक भाषा बरोबर घेऊन आली. ही भाषा स्वाहिली. पूर्व आफ्रिकेत बाजारापासून शाळेपर्यंत चालणारी, बांतू कुळातली.

ऐकायला परकी वाटली, तरी एखादा ओळखीचा चेहरा तिच्यात भेटतोच. गाडीला ती ‘गारी’ म्हणते आणि हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेला. मोंबासाहून 1896 साली लोहमार्ग घालायला सुरुवात झाली आणि 1901 साली तो व्हिक्टोरिया सरोवराला जाऊन भिडला. हजारो हिंदी मजूर त्यावर खपले. आपण आगगाडी म्हणतो, तिकडे ‘गारी ला मोशी’, म्हणजे धुराची गाडी! आपल्याला आग दिसली, त्यांना धूर, गाडी एकच.

पण खरी गंमत जाण्यायेण्याच्या क्रियापदांत आहे. आपण ‘घरी’ जातो, ‘घरून’ निघतो, ‘घरात’ बसतो. चालण्याचा सारा भार बिचाऱ्या घरावर! स्वाहिलीत घर जागचे हलत नाही. घरी जा, घरून नीघ, घरात बैस, तिन्ही ठिकाणी शब्द एकच : ‘न्युम्बानी’. ‘क्वेंदा’ म्हटले की जाणे, ‘कुतोका’ म्हटले की निघणे, ‘कुका’ म्हटले की बसणे. दिशा सांगायची ती क्रियापदाने.

आणि ते क्रियापद तरी किती चतुर! ‘किंबिया’ म्हणजे पळणे. पोराने कुत्र्याला पाहून धूम ठोकली, तर ‘किंबिया’. तेच पोर आईकडे धावत गेले, तर मध्ये एक ‘लि’ शिरतो : ‘किंबिलिया’. एका अक्षराने पाठ फिरते आणि तोंड समोर येते. ‘हामा’ म्हणजे बिऱ्हाड हलवणे, जागा सोडणे. त्यात ‘इ’ घातली की ‘हामिया’, म्हणजे नव्या जागी राहायला जाणे.

मावशी आली त्या दिवशी आमच्या सौ.ने सहज विचारले, “मावशी, मोंबासा सोडून करमतं का हो तुम्हांला?”

मावशी म्हणाली, “अगं, वर्ष झालं, पण मनात अजून ‘हामा’च आहे. तिथून निघाले एवढंच खरं. कुठं पोचले, ते कळत नाही.”

सौ. गप्प झाली. मलाही काही सुचेना. लेक-सून चांगली आहेत, खोली हवेशीर आहे. पण चाळीस वर्षांचे घर विकून आलेल्या बाईला हवेशीर खोलीचे काय सांगायचे?

दुसऱ्या दिवशी तिनेच पदर खोचला आणि चकलीचा सोऱ्या हाती घेतला. शेजारची पोरे भोवती जमली. तळता तळता मी तिला विचारले, “मावशी, स्वयंपाक करण्याला काय म्हणतात?”

“कुपिका.”

“आणि कुणासाठी तरी करायचा असला, तर?”

“कुपिकिया.” ती झारा हातात धरून थांबली. “अरे, ही तीच ‘इ’ रे! कुणाकडे जायचं तरी तीच, कुणासाठी करायचं तरी तीच.”

आपल्या मराठीत ‘कडे’ निराळे आणि ‘साठी’ निराळे. व्याकरणाच्या पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत आटोपली असेल. आमच्या स्वयंपाकघरात मात्र तिला जरा वेळ लागला. मावशीने पहिला घाणा निथळला, पोरांच्या हातावर एकेक चकली ठेवली आणि मला म्हणाली, “तुझ्या भावाला पत्र टाक. म्हणावं, भाऊबीजेला पुण्याला ये. फराळ मी माझ्या घरी करणार आहे.”

‘माझ्या घरी’ हे शब्द तिने वर्षभरात पहिल्यांदाच उच्चारले. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी मुकाट्याने पत्र लिहायला बसलो.