संकरित मोटारीचा रास्त हक्क

कात्रजचा घाट उतरताना ब्रेकवर पाय पडताच जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाया जाते, तीच ग्रँड विटारासारख्या संकरित मोटारीत बॅटरीत जमा होऊन पुढे स्वारगेटच्या कोंडीत, इंजिन निःशब्द असताना, सबंध कुटुंबाला वाहून नेते. सामानाची जागा बॅटरीमुळे आक्रसते खरी. परंतु इंधनाची बचत आणि चार्जिंगच्या चिंतेपासून मुक्तता यांपुढे ती गैरसोय मला क्षुल्लक वाटते. तथापि विद्युत मोटारीवर 5 टक्के वस्तू व सेवा कर आणि हिच्यावर 40 टक्के, हा भेद अन्यायाचा आहे. उत्तर प्रदेशाने 2024 मध्ये अशा मोटारींचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्र सरकारनेही तशी सवलत विनाविलंब मंजूर करावी.