स्थानिक विद्यार्थ्यांचा वाटा

बारावीचा आणि सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, की आमच्या बडनेऱ्याच्या पेठेत भावतावापेक्षा प्रवेशाच्या याद्यांचीच चर्चा अधिक ऐकू येते. कोणाचा मुलगा पुण्यास जाणार, कोणाची मुलगी नागपुरास लागली, आणि कोणास एवढे गुण मिळूनही घरी बसावे लागले, याच्या वार्ता दुकानादुकानांतून फिरतात. त्या चर्चेच्या शेवटी एक तक्रार ठरलेली असते : "आपल्या भागातील जागा आपल्याच मुलांस का मिळत नाहीत?" ही तक्रार आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु ती योग्य जागी उभी आहे काय, हे पाहिल्यावाचून तिला पाठिंबा देणे हे वृत्तपत्राचे काम नव्हे. म्हणून आज या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम नियम काय आहे ते सांगतो; कारण पुष्कळ पालकांस तो अर्ज भरण्याच्या दिवसापर्यंत ठाऊक नसतो. अभियांत्रिकीच्या प्रवेशांत विद्यापीठास संलग्न असलेल्या महाविद्यालयांच्या राज्यस्तरीय जागांचे दोन भाग पडतात. शंभरांतील सत्तर जागा त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांस आणि तीस जागा राज्यातील इतर विद्यापीठांच्या क्षेत्रांतून येणाऱ्यांस. यासच 'गृह विद्यापीठ' आणि 'गृह विद्यापीठाबाहेरील' अशी नावे आहेत. आमचे गृह विद्यापीठ म्हणजे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. विद्यार्थी कोणत्या घरचा, हे सामान्यतः त्याने बारावी कोठून उत्तीर्ण केली यावरून ठरते. वैद्यकीय प्रवेशातही विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग पाडून सत्तर-तीसचेच प्रमाण चालत असे. शासनाने ते सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केले. आता तेथे अखिल भारतीय वाटा वगळता साऱ्या राज्याची एकच यादी लागते.

ही वाटणी कोणाच्या लहरीने निर्माण झाली नव्हती. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या प्रांतातील महाविद्यालये दूरच्या अलाहाबाद विद्यापीठास जोडलेली होती. त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले, तेव्हा वऱ्हाडातील मुलास आपल्या मुलखात पदवी घेण्याची वाट मोकळी झाली. पुढे विदर्भ मराठी राज्यात सामील व्हावयाचा, तेव्हा येथील लोकांच्या मनात धास्ती होती ती हीच, की मोठ्या घरात धाकट्याच्या ताटात काय पडणार? म्हणून १९५३ च्या नागपूर करारात धंदेशिक्षणाच्या व शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांतील प्रवेशांची पुरेशी तरतूद या भागासाठी असावी असे कलम घालण्यात आले, आणि घटनेच्या ३७१ व्या कलमात तांत्रिक शिक्षणाच्या न्याय्य सोयीची जबाबदारी राज्यपालांकडे सोपविण्याची वाट ठेविली गेली. त्या कलमान्वये १९९४ साली निघालेल्या विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, आणि पाच महिन्यांच्या आत वैद्यकीय प्रवेशातील विभागवार वाटाही गेला. एकाच वर्षी दोन्ही आधार सुटल्यामुळे वऱ्हाडाच्या मनात शंका उत्पन्न व्हावी, यात नवल नाही.

परंतु भावना बाजूस ठेवून न्यायालयांनी या विषयात काय म्हटले आहे, तेही आमच्या वाचकांनी ध्यानात घेतले पाहिजे. १९६८ साली मद्रास राज्याने वैद्यकीय जागा जिल्ह्यांच्या लोकसंख्येप्रमाणे वाटल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ती वाटणी रद्द ठरविली. १९८४ साली प्रदीप जैन यांच्या खटल्यात, केवळ रहिवासाच्या बळावर सर्व जागा राखून ठेवणे समतेच्या तत्त्वास धरून नाही, असे त्याच न्यायालयाने सांगितले. १९८६ साली तर आमच्याच राज्याचा खटला उभा राहिला. निदामर्ती महेशकुमार यांच्या त्या खटल्यात विभागातील साऱ्या जागा विभागातच ठेवण्याचा नियम न्यायालयाने मोडून काढला. परंतु विदर्भ-मराठवाड्यासारख्या मागे राहिलेल्या भागांची अडचण मान्य करून, खुल्या जागांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत जागा त्या भागातील विद्यार्थ्यांस देण्यास मुभा ठेविली. आणि जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात रहिवासावर आधारलेले आरक्षण न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले.

या निकालांचे सार एका वाक्यात सांगावयाचे, तर एखाद्या ठिकाणचा असणे हा गुण नव्हे. त्या ठिकाणी शिकताना सोसावी लागलेली अडचण हे मात्र कारण होऊ शकते. हा भेद ज्यास उमगला त्यास पुढचा मार्ग दिसेल. ज्यास उमगला नाही तो दर वर्षी मोर्चा काढील आणि दर वर्षी रिकाम्या हाताने परतेल.

सप्टेंबर २०२० च्या निर्णयाचा न्यायही याच तराजूत केला पाहिजे. मराठवाड्यातील पालकांचे म्हणणे असे होते की, तेथे वैद्यकीय महाविद्यालये थोडी आणि गुण मिळविणारे विद्यार्थी पुष्कळ. त्यामुळे अधिक गुण असूनही त्यांची मुले मागे राहतात. हे म्हणणे खोटे नव्हते. परंतु आमचेही गाऱ्हाणे खोटे नाही. नागपूर, यवतमाळ व अकोला येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली, तरी विभागाचे मुख्य ठाणे असलेल्या अमरावतीस ते मिळावयास २०२४ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी बुलढाणा व वाशीम यांचाही योग आला. म्हणजे जागा येथे येऊ लागल्या त्या येथील मुलांसाठी राखलेला वाटा गेल्यानंतर! गाडी फलाटास लागावी आणि तिकिटाची खिडकी त्याच क्षणी बंद व्हावी, तशी ही गोष्ट झाली.

येथवर आमच्या वाचकांनी मान डोलावली असेल. आता जे सांगावयाचे ते कदाचित कडू लागेल. आम्ही ज्यास स्थानिक म्हणतो तो स्थानिक कोण? नियमाच्या दृष्टीने धारणी-चिखलदऱ्याच्या आश्रमशाळेतून आलेला कोरकू मुलगा आणि अमरावती शहरात दोन वर्षे महागड्या शिकवणीस गेलेला आमच्यापैकी एखाद्या दुकानदाराचा मुलगा, हे दोघे सारखेच स्थानिक आहेत. एकाच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकविण्यास अध्यापक मिळेल की नाही याची शाश्वती नाही. दुसऱ्याच्या घरी चाचणी परीक्षांचे गठ्ठे पडलेले असतात. सत्तर जागांच्या वाट्यात हे दोघे एका रांगेत उभे राहतात, आणि पहिला कोठे राहतो हे सांगावयास नको. मेळघाटाचे दारिद्र्य दाखवून जो हक्क मागितला जातो, त्याचा उपभोग शहरातील सधन घरेच घेतात. हा अन्याय मुंबई-पुण्याने आमच्यावर केलेला नाही. तो आमच्या घरातला आहे.

त्यात आणखी एक पळवाट आहे. बारावीचे ठिकाण हाच पुरावा ठरल्यामुळे नाव एका महाविद्यालयाच्या पटावर आणि विद्यार्थी दुसऱ्याच शहरातील शिकवणीच्या वर्गात, अशी रीत राज्यभर बोकाळली. शास्त्र शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत यंत्रावर बोटाचा ठसा घेऊन हजेरी लावण्याचा आदेश शासनास २०१८ साली काढावा लागला, यावरूनच रोग किती पसरला होता ते कळते. उलट, ज्या गरीब पालकाने पोटास चिमटा घेऊन मुलास लातुरास शिकावयास पाठविले, त्याचा मुलगा मात्र नियमाने परका ठरू शकतो. घरचा कोण आणि पाहुणा कोण, हे पटावरील नोंदीने ठरविण्याचा हा परिणाम होय.

हा वाटा चालतो तरी कोठे, हेही पाहण्याजोगे आहे. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, अमरावतीचे १९६४ साली निघालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, अशा ज्या स्वायत्त संस्थांवर मुलांची झुंबड उडते तेथे साऱ्या राज्याची एकच यादी असते. गृह विद्यापीठाचा नियम तेथे लागत नाही. तो लागतो त्यांपैकी अनेक खासगी महाविद्यालयांतील जागा गेल्या दशकात कित्येक वर्षे भरल्याच नाहीत. ज्या पंगतीत पाने रिकामी राहतात तेथे आमचा मान राखून ठेविला आहे, आणि जेथे एका पानासाठी दहा जण उभे आहेत तेथे मानाचा प्रश्नच येत नाही. असा हक्क कागदावर शोभतो. त्याने पोट भरत नाही.

मग करावे काय? हा पेच केवळ आमच्यापुढेच पडला आहे असे नव्हे. अमेरिकेतील टेक्सास संस्थानाने १९९७ साली असा कायदा केला की, संस्थानातील प्रत्येक माध्यमिक शाळेच्या वर्गात पहिल्या दहा टक्क्यांत येणाऱ्या विद्यार्थ्यास कोणत्याही सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश मिळावा. तेथे एका शाळेची दुसऱ्या शाळेशी तुलना केली जात नाही. आपल्या शाळेत, आपल्याबरोबरच्या मुलांत जो पुढे आला तो पात्र ठरतो. पूर्वी ज्या खेड्यांतील शाळांतून ऑस्टिनच्या नामांकित विद्यापीठात क्वचितच कोणी पोहोचे, तेथूनही विद्यार्थी येऊ लागले. अर्थात ही व्यवस्था निर्दोष नाही. त्या एका विद्यापीठाच्या जागा अशाच प्रवेशांनी भरू लागल्या, म्हणून २००९ साली कायद्यास मर्यादा घालावी लागली. तथापि त्यातील मर्म घेण्याजोगे आहे : मुलाची तुलना त्याला मिळालेल्या संधीशी करावी.

या मर्मास धरून आम्ही चार सूचना करितो. पहिली, स्थानिकत्व केवळ बारावीच्या नोंदीवर न ठरविता आठवीपासूनच्या प्रत्यक्ष शिक्षणावर ठरवावे. दुसरी, अमरावतीसारख्या स्वायत्त शासकीय महाविद्यालयांत आणि नव्या वैद्यकीय महाविद्यालयांत, किमान पात्रतेची अट कायम ठेवून, थोड्या जागा शासकीय, अनुदानित व आश्रमशाळांच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्या. जिल्ह्याच्या नावाने केलेली वाटणी न्यायालयात टिकली नाही, परंतु अडचणीच्या पुराव्यावर केलेल्या वाटणीस आधार सापडण्याचा संभव अधिक आहे. तिसरी, विद्यापीठाने व प्रवेश कक्षाने दर वर्षी तालुकावार आकडे प्रसिद्ध करावे, म्हणजे वाटा कोणाच्या नावे आणि कोणाच्या पदरात, हे लोकांस कळेल. चौथी, प्रवेश देऊन हात झटकू नयेत. अशा मुलांसाठी पहिल्या वर्षी जादा वर्ग आणि वसतिगृह यांची सोय असावी.

यावर कोणी म्हणतील, की याने गुणवत्तेचा बळी जाईल. आम्ही विचारतो, गुणवत्ता म्हणजे केवळ शेवटच्या परीक्षेतील आकडाच काय? अध्यापकावाचून, दिव्यावाचून, पुस्तके उसनी आणून जो नव्वदावर पोहोचला, त्याच्या अंगचे पाणी सर्व सोयींत पंचाण्णव मिळविणाऱ्यापेक्षा कमी म्हणावयाचे काय? आणि दुसरे कोणी म्हणतील, की आधी शाळा सुधारा. हे मात्र आम्हांस शंभर टक्के मान्य आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? परंतु विहीर खोल होईपर्यंत तहानलेल्यास ताटकळत ठेवावे, हा त्याचा अर्थ नव्हे.

शेवटी व्यापारी बंधूंस दोन शब्द. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढिले, तेव्हा खेड्यातील गरीब मुलास शहरात निवारा मिळाल्यावाचून शिक्षणाचे दार उघडूनही उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज बडनेरा-अमरावतीच्या पेठेने मनावर घेतले, तर धारणी, चिखलदरा, दर्यापूर येथील हुशार मुलांसाठी वीस-पंचवीस खाटांची सोय करणे अवघड नाही. आमच्या विद्यापीठास ज्या गाडगेबाबांचे नाव आहे, त्यांनी मिळालेली पै न् पै धर्मशाळांत आणि शाळांत घातली. त्यांचे नाव पदवीपत्रावर छापावयाचे आणि ज्यांच्यासाठी ते झिजले त्यांस दाराबाहेर ठेवावयाचे, हे आपणांस शोभत नाही. वऱ्हाडाने आपला वाटा मागावा, जोराने मागावा. परंतु तो मागताना सर्वांत मागच्या मुलास पुढे करावे, आणि मिळाल्यावर त्यालाच मागे ढकलू नये.