राबाचा धूर आणि बंदराचा धूर



गेल्या बैठकीत एक साथी बोलला, "पृथ्वी तापतेय हे साहेबलोकांचं नवं सोंग आहे. आधी वाघाच्या नावानं हाकललं, आता हवेच्या नावानं हाकलतील." टाळ्या पडल्या. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते काही पटेना, म्हणून हे लिहितोय.

हाकलतील ही भीती खरी आहे. पण तापणं हे सोंग नाही. कारखाने नव्हते तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायू २८० भाग होता, २००९ पर्यंत तो ३८५ च्या वर गेला होता. हा वायू गोधडीसारखा ऊब धरून ठेवतो. पाणी तापलं की फुगतं, बर्फ वितळतं. गेल्या शंभर वर्षांत समुद्र वीतभराला थोडा कमी इतका चढला. या शतकाअखेर आणखी वीतभर ते सव्वा हात चढेल, असं जगभरच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली लिहून दिलंय. २००९ च्या ११ नोव्हेंबरला फयान वादळ आलं, भात भिजलं. एका वादळावरून काही सिद्ध होत नाही, तसं मी म्हणतही नाही.

आता धुराचं. एका वाडीवर एक साहेब सांगून गेला की तुम्ही राब भाजता म्हणून पृथ्वी तापते. ऐका. आपण पातेरा, फांद्या, शेण पसरून राब भाजतो. त्यातला कर्ब त्या पानांनी एक-दोन पावसाळ्यांतच हवेतून घेतलेला असतो. ऐनाला पुन्हा पालवी फुटली की तो परत झाडात जातो. देणंघेणं फिटलं. खाणीतला कोळसा आणि जमिनीतलं तेल कोट्यवधी वर्षं पुरलेलं होतं. ते एकदा जाळलं की परत घ्यायला तेवढं जंगल कुठं आहे? (ठेकेदार भट्टीसाठी अख्खा डोंगर साफ करतो ती गोष्ट निराळी. तिथं आपलीच माणसं उचल घेऊन राबतात, हेही लपवू नये.)

न्हावा शेवाला जाऊन बघा. १९८४ च्या जानेवारीत तिथं जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या मागं शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले. १९८९ ला बंदर सुरू झालं. खाडीत भराव पडला, तिवरं गेली, शेवा कोळीवाडा उठला. लाटा अडवणारी आणि कर्ब चिखलात धरून ठेवणारी तीच तिवरं. आता तेल जाळणारी जहाजं येतात, ट्रेलरच्या रांगा लागतात. चिंबोऱ्या धरणाऱ्या कातकऱ्याला खाडी उरली नाही. उद्या समुद्र चढला की खारबांध आधी शेतकऱ्याचा फुटणार, बंदराच्या भिंतीला मात्र पैसा मिळेल. म्हणून म्हणतो, धोका खोटा म्हणू नका. खोटा म्हटलात तर हिशेब कुणाकडे मागणार?

२००९ च्या डिसेंबरात कोपनहेगनला सगळे देश बसले होते. श्रीमंत देशांनी आधी धूर कमी करावा असं आपलं सरकार तिथं म्हणत होतं, ते बरोबरच आहे. पण तोच न्याय देशात का लावत नाही? मुंबईचा गारवा आणि वाडीवरची चूल एकाच तराजूत घालून दरडोई आकडा काढतात, आणि आपल्या गरिबीच्या आड श्रीमंतांचा धूर लपतो. तिथं जंगलात साठलेल्या कर्बाला पैसे देण्याचीही बोलणी होती. पैसा आला की जंगल कुणाच्या नावावर आहे हे पहिलं विचारलं जाईल.

म्हणून नुसत्या प्लॉटचे दावे भरून थांबू नका. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. आपल्याकडे बऱ्याच वाड्यांनी तो फॉर्म कोराच ठेवलाय. वनहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. पुढच्या ग्रामसभेत सामूहिक दाव्याचा ठराव घ्या, सीमेवरचे ओढे, देवाची जागा, राबाची झाडं नावानिशी लिहा. म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन एकदा शिवार फिरा, त्यांना जागा ठाऊक आहेत. ठरावाची नक्कल संघटनेच्या कचेरीत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उपविभागीय समितीच्या कचेरीतून उठू नका.